खोली किरायाने जाते, जबाबदारी जात नाही

काचीगुड्यात 'टू-लेट'ची पाटी नाही अशी गल्ली आता शोधावी लागेल. निंबोळी अड्डा, कुतबीगुडा, चप्पल बाजार, बरकतपुरा, कुठेही जा. ज्या घरांत तीन पिढ्या एका पंगतीला जेवायला बसत, त्या घरांचे आता चार-सहा तुकडे झाले आहेत. पुढच्या खोलीत दुकान, माडीवर विद्यार्थी, गच्चीवर पत्र्याची खोली आणि मागची अंधारी खोली एखाद्या 'बॅचलर'ला. मुले कोंडापूरला, पुण्याला, नाही तर न्यू जर्सीला. खाली वृद्ध आई-वडील. किराया महिन्याच्या महिन्याला खात्यावर जमा होतो. वर कोण राहतो, काय करतो, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : "आपल्याला काय करायचे? किराया वेळेवर देतो ना!"

या एका वाक्याविरुद्ध आम्ही आज लिहीत आहोत.

विषय गांजाचा आहे. समाजाच्या पत्रकात हा विषय कशाला, म्हणून काही ज्येष्ठ मंडळी नाक मुरडतील. पण गांजा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो धूलपेटचा अड्डा, विशाखापट्टणमच्या डोंगरातली शेती, किंवा कुठल्या तरी ट्रकमध्ये पोत्यांखाली लपवलेला माल. हे सगळे आपल्यापासून लांब आहे, अशी आपली समजूत आहे. ती समजूत आता सोडावी लागेल. कारण गांजाच्या झाडाला आता शेत लागत नाही. एक खोली पुरते.

आमच्या म्हणण्याला आधार काय? २०१७ साली याच शहरात, मणिकोंड्यातल्या एका फ्लॅटमध्ये पोलिसांना सुमारे चाळीस कुंड्यांत गांजाची झाडे सापडली. विजेचे दिवे, पंखे, सगळी व्यवस्था घरात. जून २०२३ मध्ये शिवमोग्यात वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी पकडले गेले. भाड्याच्या घरात तंबू उभारून, दिवे लावून त्यांची लागवड चालू होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रेटर नोएडात एका फ्लॅटमध्ये ऐंशीच्या आसपास कुंड्या सापडल्या. त्याच महिन्यात बंगळुरात एक जोडपे पकडले गेले. त्यांच्या बाल्कनीत सतरा कुंड्या होत्या, गांजा त्यातल्या दोनच कुंड्यांत. बाईंनी हौसेने आपल्या झाडांची चित्रफीत फेसबुकवर टाकली, आणि त्यावरून पोलीस दारात आले.

या चारही प्रकरणांत ना डोंगर आहे ना जंगल. साध्या वस्तीतली साधी घरे आहेत. करणारे शिकलेले आहेत, निदान एका ठिकाणी तर डॉक्टर होऊ घातलेले आहेत. काचीगुड्यात असे काही सापडले आहे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमचे म्हणणे एवढेच, की मणिकोंड्यातल्या फ्लॅटला जशी चार भिंती आणि एक कुलूप होते, तशी आपल्या मागच्या खोलीलाही आहेत.

आणि इथेच खरी गोम आहे. २०२१ च्या अखेरीस आंध्र सरकारने 'ऑपरेशन परिवर्तन' या नावाने विशाखापट्टणमच्या डोंगराळ भागातला हजारो एकर गांजा उपटून टाकला. फेब्रुवारी २०२२ मध्ये अनकापल्लीजवळ दोन लाख किलो गांजा एका दिवसात जाळला. शेतातले पीक ड्रोनला दिसते, उपग्रहाला दिसते. बंद खोलीतले पीक वरून दिसत नाही. ते दोघांनाच कळू शकते : शेजाऱ्याला आणि घरमालकाला. या दोघांनी कानावर हात ठेवले, तर पोलीस कितीही कर्तबगार असोत, त्यांना पत्ता लागणार नाही. म्हणजे या कामी पहिला पहारेकरी घरमालक आहे, आणि या बस्तीत घरमालक आपण आहोत.

आता कायदा पाहू. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्यातल्या तीन गोष्टी प्रत्येक घरमालकाने समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट लागवडीची. जवळ बाळगलेल्या गांजाला वजनाप्रमाणे शिक्षा आहे. एक किलोपर्यंतचा माल 'अल्प प्रमाण' धरला जातो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. पण झाड लावणे हा वेगळा गुन्हा आहे. कलम २० प्रमाणे त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि या कलमात अल्प-अधिक असा भेद नाही. कुंडी एक असो की चाळीस, कलम तेच. 'आपल्यापुरते एकच झाड लावले, विकत तर घेत नाही,' असे म्हणणाऱ्या पोराला वाटते की आपण कमी धोक्याचा मार्ग धरला. प्रत्यक्षात पुडी बाळगणाऱ्यापेक्षा तो कितीतरी मोठ्या शिक्षेच्या तोंडी उभा असतो.

दुसरी गोष्ट घरमालकाची. कलम २५ सांगते, की घर, खोली किंवा जागा ज्याच्या मालकीची किंवा ताब्यात आहे, त्याने ती जाणूनबुजून अशा गुन्ह्यासाठी वापरू दिली, तर त्या गुन्ह्याची जी शिक्षा, तीच त्यालाही. 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याला खरोखर काही ठाऊक नव्हते, तो गुन्हेगार ठरत नाही. पण ठाऊक होते की नव्हते, हे ठरते कोर्टात, आणि कोर्टापर्यंतचा रस्ता ठाण्यावरून जातो. न्यू जर्सीतला मुलगा त्या दिवशी येऊ शकणार नाही. जबाब द्यायला जाणार आहेत खाली राहणारे सत्तरीतले वडील. घरपट्टी त्यांच्या नावावर आहे, लाइटचे मीटर त्यांच्या नावावर आहे.

तिसरी गोष्ट, जी फारच थोड्यांना माहीत असते : आपल्या जमिनीवर गांजाची बेकायदा लागवड आहे हे कळूनही जो जमीनधारक ती माहिती देत नाही, त्याच्यासाठी कलम ४६ मध्ये वेगळी शिक्षा सांगितली आहे. 'आम्ही पाहिले, पण वाईटपणा कशाला घ्या' ही सबब कायदा ऐकत नाही.

कायदा बाजूला ठेवू. आपल्या जुन्या घरांना यापेक्षा जवळचा धोका आहे, तो आगीचा. खोलीत सूर्य नसतो म्हणून दिवे लावतात. सहाशे वॅटचा एक दिवा रोज बारा तास जळला तर दिवसाला ७.२ युनिट, महिन्याला २१६ युनिट होतात. 'गृहज्योती'त दोनशे युनिटांपर्यंत वीज फुकट आहे, ती मर्यादा एकटा दिवाच ओलांडतो. शिवाय दिव्याची उष्णता काढायला पंखे, पंख्याने भागले नाही तर एसी. पाणी रोज, ओल कायम. आणि हे सगळे कुठे? जिथली वायरिंग दोन बल्ब आणि एका रेडिओच्या हिशेबाने केली होती, जिथे छताला सागवानी तुळया आहेत आणि जिन्यात दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला मागे सरावे लागते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये नामपल्लीजवळ बाजारघाटात एका राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर रसायनांची पिंपे साठवली होती. आग लागली आणि वरच्या मजल्यांवरच्या नऊ जणांचा जीव गेला. १८ मे २०२५ रोजी चारमिनारजवळ गुलजार हौजला एका जुन्या घरात पहाटे आग लागली. जायला-यायला वाट एकच, तीही अरुंद. सतरा माणसे गेली, त्यात आठ मुले होती. या दोन्ही घटनांचा गांजाशी काही संबंध नाही, हे स्पष्ट सांगतो. संबंध आहे तो आपल्या घरांशी. खाली काय साठवले आहे हे वरच्यांना माहीत नसते, भिंतीतल्या तारेवर किती भार पडतो आहे हे कुणी पाहत नाही, आणि बाहेर पडायला दुसरा रस्ता नसतो. अशा घरात एका बंद खोलीत दिवस-रात्र दिवे आणि पाणी एकत्र चालू असेल, तर धोका एकट्या किरायेदाराला नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या चार बिऱ्हाडांना आहे.

आता आमच्यावर जे आक्षेप येतील, त्यांना इथेच उत्तर देतो.

पहिला आक्षेप धार्मिक मंडळींचा. "ही तर शंकराची बुटी! आपल्या आजोबांनी होळीला भांग घेतली नव्हती का?" घेतली असेल. कायद्यालाही ते माहीत आहे. शेंड्याशिवायची पाने आणि बी या कायद्याच्या 'गांजा'त धरलेली नाहीत, म्हणूनच भांग त्यातून सुटली आहे. इंग्रज सरकारने १८९३-९४ साली नेमलेल्या आयोगाने तर हजारावर साक्षी घेऊन असा निष्कर्ष काढला होता, की बेताने घेणाऱ्यांचे सहसा फारसे बिघडत नाही, अति घेणाऱ्यांचे बिघडते, आणि संपूर्ण बंदी घालू नये. हे सगळे खरे. पण आजोबांची भांग आणि आजच्या बंद खोलीतला माल यांची गल्लत करू नका. दिव्याखाली वाढवलेल्या या झाडाचा हेतूच मुळी नशेचे प्रमाण वाढवणे हा असतो. अमेरिकेत जप्त केलेल्या मालाच्या तपासणीत नशेच्या मुख्य द्रव्याचे प्रमाण १९९५ साली सरासरी चार टक्क्यांच्या आसपास होते, ते २०१४ साली बारा टक्क्यांच्या आसपास गेले. युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणी झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असा तीव्र माल रोज ओढणाऱ्यांत वेड लागण्याचा संभव, कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट आढळला. तेव्हा शंकराचे नाव मध्ये आणू नये. शंकराला एसी आणि सहाशे वॅटचा दिवा लागत नव्हता.

दुसरा आक्षेप तरुणांचा. "जर्मनीत चालते, कॅनडात चालते, मग इथेच काय?" चालते हे खरे. कॅनडात २०१८ पासून घरटी चार झाडे, जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडे. पण आपली निम्मी मुले जिथे आहेत त्या न्यू जर्सीत दुकानातून घेण्याला परवानगी असूनही घरात झाड लावायला बंदी आहे. वॉशिंग्टन राज्यातही तेच, वैद्यकीय कारणाचा अपवाद सोडला तर. थायलंडने २०२२ साली सगळे मोकळे केले आणि जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. म्हणजे ज्यांनी दार उघडले, त्यांनीही बंद खोलीची चिंता सोडलेली नाही.

आपला कायदा बदलावा की नाही, यावर मतभेद असू शकतात. एकोणीस वर्षांच्या पोराची एक कुंडी आणि टोळीचा कारखाना एकाच कलमात बसवणे आम्हालाही न्यायाचे वाटत नाही. खासदारांनी तो प्रश्न संसदेत मांडावा, आम्ही पाठीशी राहू. पण कायदा बदलेपर्यंत दहा वर्षांची शिक्षा ही दहा वर्षांचीच शिक्षा आहे, आणि ती भोगायला जर्मनी येणार नाही.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो आपल्याच ओट्यांवर ऐकू येतो. "ही बाहेरची पोरे आली आणि बस्ती बिघडली. परप्रांतीयांना, अमक्या जातीच्या, तमक्या धर्माच्या पोरांना खोल्याच देऊ नका." मंडळी, शिवमोग्यातली मुले वैद्यकीय महाविद्यालयातली होती. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे देशात भांग, गांजा आणि चरस मिळून वर्षभरात कधी तरी घेणारे तीन कोटींवर होते. ते सगळे काय परक्याच घरात जन्मले? 'आपला तो बाब्या' ही म्हण आपल्याच भाषेत आहे, हे विसरू नका. माडीवरच्या किरायेदाराकडे संशयाने पाहणाऱ्या किती घरांत स्वतःच्या मुलाच्या खोलीचे दार आठवडाभर उघडलेले नसते? जात विचारून खोली देणारा घरमालक जात सोडून दुसरे काहीच विचारत नाही, हा आमचा खरा आरोप आहे. आडनाव आपले निघाले की अॅडव्हान्स घेतला, चावी दिली, विषय संपला.

असे नेहमीच नव्हते. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले आणि मराठवाड्यातून मुले शिकायला हैदराबादेत येऊ लागली. नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद तेव्हा याच संस्थानात होते. खिशात पैसे नसलेला विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. ज्या घरी तो जेवे, त्या घराला त्याचे गाव ठाऊक असे, वडिलांचे नाव ठाऊक असे, परीक्षेत तो कशात नापास झाला तेही ठाऊक असे. दोन वार चुकले तर तिसऱ्या दिवशी कुणी तरी चौकशीला जाई. त्याला कुणी पाळत म्हणत नव्हते. त्याला घर म्हणत. आज त्याच बस्तीत मुलगा सहा-सहा महिने माडीवर राहतो आणि खालच्या घराला त्याचे पूर्ण नाव सांगता येत नाही. पैसे वाढले, ओळख गेली. बंद खोलीत काय उगवते हा पुढचा प्रश्न. ती खोली इतकी बंद का झाली, हा पहिला.

सरकारलाही आमचे सांगणे आहे. तेलंगणाने २०२३ साली अमली पदार्थांविरुद्ध स्वतंत्र ब्युरो काढला, जून २०२५ मध्ये त्याला 'ईगल' हे नाव दिले. नावे बदलून झाली. आता बस्तीत काम दिसू द्या. किरायेदाराच्या माहितीचा कागद ठाण्यात घेतला जातो, तो फाइलला लावून विसरण्यासाठी नको. तो कागद सर्वांकडून सारखा घ्यावा, गरिबाकडून एक आणि बंगलेवाल्याकडून दुसरा असे नको. माहिती देणाऱ्या शेजाऱ्याचे नाव बाहेर फुटता कामा नये, नाही तर दुसरा कुणी तोंड उघडणार नाही. वीज कंपनीने जुन्या गल्ल्यांतल्या मीटरांची आणि तारांची तपासणी करावी, आणि महापालिकेने अरुंद जिन्यांच्या घरांची यादी आग लागल्यावर नव्हे, लागण्याआधी करावी. येत्या निवडणुकीत मते मागायला जो दारी येईल, त्याला हे चार प्रश्न विचारा. समाजाच्या सभागृहाला देणगी किती देणार, हे नंतर विचारा.

आणि घरमालकांनो, तुमच्यासाठी. दार फोडून आत शिरा, असे आम्ही सांगत नाही. किरायेदारालाही आपली खोली असते, त्याचा मान राखलाच पाहिजे. पण करार लेखी करा. तीन महिन्यांतून एकदा, आधी सांगून, वायरिंग आणि ओल पाहायला येईन, हे त्यातच लिहा. आधार कार्डाची प्रत घ्या, गावाकडच्या घराचा नंबर घ्या आणि तो एकदा लावून पाहा. लाइटचे बिल दर महिन्याला स्वतः वाचा. बिल अचानक दुप्पट झाले, खिडक्या आतून काळ्या कागदाने किंवा चंदेरी पत्र्याने बंद केल्या, पंख्याची घरघर रात्रंदिवस थांबेना, भिंतीला नवी ओल आली, उग्र हिरवट वास येऊ लागला, कुंड्या आणि मातीची पोती आत गेली पण गच्चीत एकही रोप दिसले नाही, तर विचारा. यातली एखादी खूण म्हणजे गुन्हा नव्हे. ओल पावसाचीही असते, काळा कागद रात्रपाळीच्या मुलाचाही असतो. पण चार खुणा एकत्र दिसल्या आणि तरीही तुम्ही विचारले नाही, तर 'मला ठाऊक नव्हते' हे वाक्य तुमच्याच तोंडी जड होईल.

परदेशात बसून किराया घेणाऱ्या मुलामुलींना वेगळे सांगतो. घर तुमच्या नावावर होण्याची वाट तुम्ही पाहत आहात, तर घराची चौकशीही करा. दलालाच्या भरवशावर आई-वडिलांच्या डोक्यावर अनोळखी माणसे ठेवू नका. वर्षातून एकदा आलात की फक्त विवाहसोहळे उरकू नका, माडीवर चढून जा, किरायेदाराबरोबर चहा घ्या.

आणि शेवटी, खोली उघडल्यावर आत आपलाच मुलगा सापडला तर? किंवा आपल्या मुलाएवढाच कुणाचा तरी मुलगा? ज्याला व्यसन जडले आहे आणि जो स्वतःहून उपचार घेतो, त्याला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ याच कायद्यात आहे. लागवडीपर्यंत गोष्ट गेली की तो दरवाजा फार अरुंद होतो, म्हणून आधी बोला. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे, एर्रागड्ड्याला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. धंदा चालू असल्याची शंका असेल तर तेलंगणाचा १९०८ आणि केंद्राचा १९३३ हे क्रमांक आहेत. 'लोक काय म्हणतील' म्हणून झाकलेली मूठ सव्वा लाखाची राहत नाही. कलम २० प्रमाणे तिचा दंड एक लाखापर्यंत आहे, आणि वर पोराच्या आयुष्यातली दहा वर्षे.

या बस्तीत आपण परवा आलेलो नाही. आपल्या नावाची दुकाने इथे होती, शाळा इथे आहेत, आपले वाडवडील याच गल्ल्यांतून खांद्यावरून गेले. 'जुने राहणारे' हा मान आपण अभिमानाने मिरवतो. जुने राहणारे याचा अर्थ जुने मालक एवढाच असेल, तर तो अर्थ पाटीवाल्या दलालालाही कळतो. बस्तीला ओळखणारा आणि बस्तीला जबाब देणारा, तो जुना राहणारा. खोली जरूर किरायाने द्या. डोळे देऊ नका.